शंभर टक्के वाचणारा वर्ग

वर्गात पत्ते खेळवणारा मास्तर म्हणून हिंगण्याच्या पलीकडच्या चार वस्त्यांत सध्या माझी ओळख आहे. मी सुपारीसुद्धा खात नाही. लग्नाच्या पंगतीत विडा आला तर शेजारच्याकडे सरकवतो. सत्तावीस वर्षं प्राथमिक शाळेत नोकरी केली, हजेरीपटावर कधी लाल शाई लागू दिली नाही, आणि बावन्नाव्या वर्षी ही पदवी मिळाली. शाळेचं नाव सांगणार नाही. तिची बदनामी माझ्या हातून आधीच पुरेशी झाली आहे.

दोष द्यायचाच तर प्रशिक्षणातल्या खिडकीला द्यावा लागेल. आजवर मी चौतीस प्रशिक्षणं घेतली आणि त्यांतल्या एकाचाही माझ्यावर परिणाम होऊ दिला नाही. त्याचं एक तंत्र आहे. मागच्या रांगेत खिडकीजवळची जागा धरायची, वहीवर तारीख घालायची आणि चहाच्या वेळी मात्र सर्वांच्या पुढे असायचं. यंदा जुलैत माझी स्कूटर रस्त्यात बंद पडली. पोहोचेपर्यंत खिडकी गेलेली होती आणि मला पहिल्या रांगेत बसावं लागलं. पहिल्या रांगेत माणसाला ऐकू येतं.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्या म्हणाल्या, वाचन शिकवायचं तर वर्गात कोपरे करा. एका कोपऱ्यात अक्षरांचा खेळ, दुसऱ्यात शब्दांचा, तिसऱ्यात गोष्टींची पुस्तकं. सहा-सात मुलांचा गट दहा मिनिटं एका कोपऱ्यात खेळेल आणि मग पुढच्या कोपऱ्यात जाईल. मी विचारलं, "आणि शिक्षक कुठे उभे राहतील?" त्या म्हणाल्या, "शिक्षक खाली बसतील सर, मुलांमध्ये." मला पहिला धक्का तिथेच बसला. फळ्यासमोरची ती दोन फूट जागा मी सत्तावीस वर्षांत स्वातंत्र्यदिनाच्या पाहुण्यांनासुद्धा दिली नव्हती.

मी उभा राहिलो आणि जरा मोठ्यानेच सांगितलं, की माझ्या दुसरीच्या वर्गात बत्तीस मुलं आहेत आणि बत्तीसच्या बत्तीस वाचतात. दारावर तसा फलकच आहे: 'शंभर टक्के वाचणारा वर्ग'. त्यावर मॅडम रागावल्या असत्या तर मी जिंकलो असतो. पण त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तर फारच छान. धड्यातले शब्द सुट्या चिठ्ठ्यांवर लिहून द्या, तुमच्या मुलांना खेळच वाटेल." ते 'फारच छान' माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी, केवळ त्या बाईंना खोटं पाडण्यासाठी, मी वीस चिठ्ठ्या लिहून वर्गात गेलो.

इथे माझी जुनी पद्धत सांगायला हवी. मी एक ओळ वाचायची, सोनिकाने ती मागून वाचायची आणि मग अख्ख्या वर्गाने एका सुरात. सोनिका म्हणजे माझ्या वर्गाचा मान. दोन घट्ट वेण्या, पुढचा एक दात पडलेला, आणि आवाज असा की कंपनीच्या बसमधून जाणारे कामगार खिडकीतून माना बाहेर काढत. पहिलीपासून मीच तिचा वर्गशिक्षक. सव्वीस जानेवारीला तिने साऱ्या गावासमोर पुस्तकातलं पान वाचलं, तेव्हा तिच्या वडिलांनी, अश्विनने, मोबाइलवर त्याची चित्रफीत काढली. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. त्याच्या पाळीतल्या प्रत्येकाने ती तीन-तीनदा पाहिली आहे.

तर मी तिलाच पुढे बोलावलं आणि पहिली चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर 'विहीर' लिहिलं होतं. सोनिकाने ती पाहिली. उलटी करून मागची बाजू पाहिली. मग माझ्याकडे मान वर करून म्हणाली, "सर, हे कोणत्या पानावरचं आहे?"

"पानाचं काय काम? शब्द आहे, वाच."

"पान सांगा ना सर. मंग वाचते."

मी पान सांगितलं. तिने पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि घडघडा सुरू झाली. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या मुलीची अख्खी गोष्ट एका दमात. मी समाधानाने मान हलवणार इतक्यात माझं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. तोंड पानाच्या तळाशी पोहोचलं होतं आणि बोट अजून पहिल्याच ओळीवर होतं.

त्या दिवशी मी एकेकाला बोलावलं. बत्तिसातल्या चौघांना वाचता येत होतं. बाकी अठ्ठावीस जणांना पुस्तक पाठ होतं, स्वल्पविरामासकट, माझ्या खोकल्यासकट. बाराव्या पानावर कधीतरी मला ठसका लागला असावा, कारण त्या जागी सगळे थांबत आणि मग पुढे जात. आणि ती वाचणारी चौघं कोण? जी मागे बसून गप्पा मारतात, मागून म्हणत नाहीत आणि ज्यांना मी रोज रागवतो, ती. मी खाली बसलो. प्रशिक्षणातल्या मॅडमनी सांगितलं होतं म्हणून नव्हे. फळ्यासमोर उभं राहण्याचं काही कारणच उरलं नव्हतं म्हणून.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. नंदिनी पोळ्या लाटत होती. ती लाटणं हातात तसंच धरून म्हणाली, "अठ्ठावीस? अहो, कोणाले सांगू नका बरं." पण आमच्या इमारतीत कोणाला सांगायचं नसेल तर ते नत्थूजींसमोर बोलायचं नसतं, आणि नत्थूजी तेव्हा आमच्याच सोफ्यावर पेपर वाचत होते. ते वीज खात्यातून निवृत्त झालेले, वरच्या मजल्यावर राहतात, आणि सल्ला देताना चहा थंड होऊ देत नाहीत.

"पोट्टे पाठ करतात तं करू द्या ना गा मास्तर," ते म्हणाले. "सत्तावीस वर्षं लाइन चालू आहे. आता काहून डबा उघडून तारा पाहता?"

मी म्हणालो, मी वर्गात पाच कोपरे करणार आहे.

"खोलीले कोपरे चारच असतात."

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. शाळेत जाऊन मोजले तर खरोखरच चार होते, आणि त्यांतलेही दोन माझे नव्हते. एका कोपऱ्यात लोखंडी कपाट आहे. ते आतून गंजलेलं, बाहेरून वाकलेलं, आणि त्याचं निर्लेखन व्हायचं असल्यामुळे, म्हणजे हे कपाट आता कपाट राहिलेलं नाही असं सरकारने लेखी मान्य करायचं असल्यामुळे, त्याला हात लावता येत नाही. तो कागद अकरा वर्षं फिरतो आहे. दुसऱ्या कोपऱ्यात खिचडीच्या तांदळाची पोती, आणि ती कांताबाईंच्या ताब्यात. कांताबाई आमच्या शाळेत पोषण आहार शिजवतात. मुख्याध्यापिका बाईंना मी भीत नाही, पण कांताबाईंना सारी शाळा भिते. "पोते हलवाल तं मोजून हलवा, नाही तं उंदरायचा हिशेब तुमी द्यान," एवढं त्या म्हणाल्या आणि मी तो कोपरा सोडून दिला. शेवटी दोन कोपरे, एक खिडकी, एक दार आणि फळ्याखालची माझी दोन फूट जागा, असे पाच कोपरे झाले. ती जागा देताना मला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

सामान हवं होतं. अक्षरांच्या लगोरीला फरशीचे तुकडे मिळाले. वाचायला चटई नंदिनीने दिली. शब्दांच्या खेळाला मात्र जाड, एकसारखी पानं हवी होती, आणि तिथे नत्थूजींचं मन द्रवलं. त्यांनी आपल्या रमीच्या मंडळींतले पत्त्यांचे दोन जुने जोड आणून दिले. "घ्या मास्तर. वरून कागद चिकटवा, वर लिहा शब्द. शिक्षणासाठी आपुन कायबी देतो." रविवारभर मी आणि नंदिनीने एकशे चार पत्त्यांवर पांढरा कागद चिकटवला. डिंक पातळ झाला होता. हे मला आत्ता कळतं.

सोमवारी पहिला खेळ सुरू झाला. दहा मिनिटांनी गट बदलायचे तर काहीतरी खूण हवी. शाळेची घंटा मुख्याध्यापिका बाईंच्या कपाटात, आणि बाई मीटिंगला. म्हणून मी स्वयंपाकघरातून एक ताट आणि पळी आणली आणि वेळ होताच ठण्णदिशी वाजवली. आमच्या शाळेत पळी ताटावर वाजते ती एकाच कारणासाठी, हे पहिलीच्या पोरालाही माहीत आहे. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी मान वळवली तेव्हा पहिली, तिसरी आणि चौथी हातात ताटल्या घेऊन ओळीने अंगणात बसलेली होती. काहींनी हातही धुतले होते.

कांताबाई चुलीजवळून आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा धक्का मी कधी पाहिला नव्हता. "तांदूळ अजून धुऊन राहिली मी! तुमी काहून पोट्टे सोडून राहिले सर?" मी समजावून सांगू लागलो की हा वाचनाचा कोपरा बदलण्याचा संकेत आहे. त्या म्हणाल्या, "मंग हे तुमचं वाचन वाढा आता यायले." पंगतीला बसलेलं पोर उठवणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. चौथीतल्या काहींनी तर शिजेपर्यंत तिथेच बसून राहायची तयारी दाखवली.

मंगळवारी मी शिट्टी वाजवली. सगळा वर्ग मैदानाला फेऱ्या मारायला निघून गेला. बुधवारी ठरवलं, आवाजच नको. मी नुसता हात वर केला. मुलं खेळ थांबवून माझ्याकडे पाहू लागली. मग सोनिका दयाळूपणे म्हणाली, "जा सर. पण लवकर या."

नंतर दुकानाचा कोपरा केला. घरून वस्तूंची वेष्टनं आणायची, त्यांवरची नावं वाचायची आणि खोटी खोटी विक्री करायची. 'रिकामी आणा' हे सांगायला मी विसरलो. एका मुलीने आईच्या डब्यातून भिवापुरी मिरचीची पुडी आणली, भरलेली. गिऱ्हाइकाने ती उघडून पाहिली. पुढचा अर्धा तास माझा वर्ग, मी, आणि काय झालं म्हणून डोकावलेल्या दोन आया, असे सगळे डोळे पुसत बसलो होतो. त्या आया घरी जाऊन म्हणाल्या की सर पोरांना रडवून राहिले.

गोलूने त्याहून मोठी कामगिरी केली. गोलू म्हणजे त्या वाचणाऱ्या चौघांतला एक. त्याने वडिलांची रिकामी बाटली आणली. मी ती पाहून हादरलो, आणि मुलाच्या मनाला लागू नये म्हणून म्हणालो, "हे चालणार नाही बाळा, हिच्यावरची अक्षरं इंग्रजी आहेत." दुसऱ्या दिवशी त्याने मराठी अक्षरांची आणली. वरचं नाव त्याने सर्वांना स्पष्ट वाचूनही दाखवलं. वाचन उत्तम होतं, आणि ते नेमकं दारातून जाणाऱ्या मुख्याध्यापिका बाईंनी ऐकलं.

त्याच सुमारास पत्त्यांवरचे कागद सुटू लागले. कुणाच्या दप्तरात बदामची राणी निघाली, कुणाच्या कंपासपेटीत इस्पिकचा गुलाम. "आज शाळेत का शिकले?" या प्रश्नाला बत्तीस घरांत "पत्ते खेळलो आणि जिंकलो" असं उत्तर गेलं. तरी मी खेळ बंद केले नाहीत. याला धैर्य म्हणू नका. त्या अठ्ठावीस पोरांचं तोंड पाहून पुन्हा "चला, माझ्या मागून म्हणा" असं म्हणायची मला लाज वाटत होती, एवढंच.

सगळ्यांत अवघड होतं सोनिकाचं. बाकीची मुलं खेळात रमली, पण ती कुठल्याच कोपऱ्यात जाईना. ती आपल्या जुन्या जागी, वर्गाच्या पुढे, पुस्तक छातीशी धरून उभी राहायची आणि वाट पाहायची की सर कधी ओळ देतात. तिला वाटत होतं तिच्याकडून काही चुकलं म्हणून तिची जागा गेली. चुकलं माझं होतं. मी तिला वर्षभर सांगत आलो होतो की तुझ्यासारखं कोणी वाचत नाही, आणि तिला 'विहीर' वाचता येत नव्हतं. ऑगस्टपासून मी रोज तिच्याशेजारी चटईवर बसू लागलो. गुडघे कुरकुरायचे. ती एका अक्षरावर बोट ठेवायची, मी गप्प राहायचो. गप्प राहणं मला सर्वांत जड गेलं, कारण माझ्या तोंडात पुढचा शब्द तयारच असतो. पहिल्या आठवड्यात ती दोनदा रडली. गणपतीत 'कमळ' स्वतः वाचलं. दसऱ्यापर्यंत छोटी वाक्यं लागू लागली. फार हळू, पण तिची स्वतःची.

आणि दिवाळीनंतर अश्विन आला. पाळी सुटल्यावर मोटरसायकलवर थेट शाळेत, कंपनीच्या निळ्या शर्टात. त्याने मोबाइल काढला आणि जानेवारीची ती चित्रफीत माझ्यासमोर धरली.

"हे पाहा सर. पोरगी कशी फर्राट्यानं वाचत होती. आता घरी पुस्तक देलं तं एका ओळीले पाच मिनिटं लावते. बोट ठेवते. अडकते. का केलं तुमी तिले?"

मी म्हणालो, "अश्विनभाऊ, तेव्हा ती वाचत नव्हती. तिला पाठ होतं. खरं वाचायला ती आता लागली आहे."

त्याने चित्रफीत थांबवली. "वर्षभर तुमीच मले म्हणत होते ना, हिच्यासारखं कोणी वाचत नाही? मी पाळीतल्या सगळ्यायले ते दाखवलं. आता म्हणता वाचतच नव्हती. मंग तुमी वर्षभर का शिकवून राहिले होते?"

सत्तावीस वर्षांत इतका सरळ प्रश्न मला कुठल्याही अधिकाऱ्याने विचारला नव्हता. तो म्हणाला, रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेशी बोलणं झालं आहे, शुक्रवारी दाखल्याचा अर्ज घेऊन येतो. मी मान हलवली. त्या शाळेत काय होणार हे मला स्पष्ट दिसत होतं. ती तिथेही दोन महिन्यांत पुस्तक पाठ करणार, तेही इंग्रजी, त्या खणखणीत आवाजात. तिथेही तिला पुढे उभं करणार. तिला वाचता येत नाही हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. माझ्या तरी कुठे आलं होतं! मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटून घेण्याचाही मला हक्क उरला नव्हता.

शुक्रवारीच केंद्रप्रमुख बोंद्रे साहेब तपासणीला येणार असं कळलं. पत्ते, बाटली, वेळेआधी खिचडी आणि मुलांना रडवणे, अशी चार कलमांची तक्रार वर गेली होती. आदल्या दिवशी मुख्याध्यापिका बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रवींद्र सर, एक दिवस जुनंच घ्या. पाठ दहावा, एका सुरात. साहेब खूश होतील, शेरा चांगला पडेल. मग सोमवारपासून बसा ना तुमच्या चटईवर." नत्थूजींचाही सल्ला तोच पडला. नंदिनीने माझा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. आणि मी ठरवलं की हो, एक दिवस जुनंच घ्यायचं. लपवून काय करू? खुर्ची, नोकरी, पेन्शन, सगळं डोळ्यांसमोर आलं.

बोंद्रे साहेबांचं नाव रुपराव. माणूस वाईट नाही. ते आल्याबरोबर पाणी मागतात आणि मुलांना बसवून मगच बसतात. त्यांनी खुर्ची फळ्यासमोर घेतली. मुख्याध्यापिका बाईंनी शेरेबही पुढे ठेवली. तपासणीला येणारा अधिकारी ज्या जाड वहीत शाळेविषयी आपलं मत लिहितो, ती ही वही. तिच्यात एकदा लिहिलेलं शाळा बंद पडेपर्यंत राहतं. आणि दारात, हातात अर्ज घेऊन, सहीसाठी अश्विन येऊन उभा राहिला.

मी घसा साफ केला. "सोनिका, पुढे ये. पाठ दहावा."

सोनिका पुढे आली. पुस्तक उघडलं. मग आधी साहेबांकडे आणि नंतर माझ्याकडे पाहून तिने अगदी स्वच्छ आवाजात विचारलं, "सर, पाठचं म्हणू का वाचून दाखवू?"

साहेबांनी चष्मा वर केला. "म्हणजे काय?"

मुख्याध्यापिका बाई माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत होत्या. मला फक्त 'पाठचं' एवढं म्हणायचं होतं. पण ती पोर माझ्याकडे विश्वासाने पाहत होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तिला कळलं होतं, आणि ते तिला मीच शिकवलं होतं. माझ्या तोंडून आलं, "वाच."

ती वाचू लागली. बोट ठेवून. एक अक्षर, मग दुसरं, मग दोन्ही जुळवून. पहिली ओळ संपायला अडीच मिनिटं लागली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. दुसरी ओळ. दारात अश्विनने मान खाली घातली. साहेबांनी आणखी चौघांना उठवलं. तेही तसेच, बोट ठेवून, डोळे बारीक करून. नशीब इतकं फुटकं की गोलू त्या दिवशी मामाच्या गावी होता आणि बाकीच्या तीन वाचणाऱ्यांपैकी एकालाही साहेबांनी उठवलं नाही. शेवटचा उठला तेव्हा त्याच्या पुस्तकातून चौकटचा राजा खाली पडला आणि साहेबांच्या बुटाजवळ जाऊन थांबला.

साहेबांनी वाकून पत्ता पाहिला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. अधिकाऱ्यांचं अक्षर सहसा औषधाच्या चिठ्ठीसारखं असतं, पण बोंद्रे साहेब तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांचं अक्षर टपोरं आणि गोल आहे. सावकाश, एकेक शब्द बसवत ते लिहीत होते. मी तिथूनच पाहू शकत होतो, पण पाहिलं नाही.

सोनिकाला कोणी जागेवर जा म्हटलं नव्हतं, म्हणून ती तिथेच उभी होती. ती खुर्चीला वळसा घालून साहेबांच्या कोपराशी गेली. वहीवर वाकली. आणि कोणीही न सांगता तिने ताज्या शाईखाली बोट ठेवलं. चटईवरचा आमचा एक नियम होता, की शब्द फारच अवघड आला तर थांबून रडायचं नाही, टाळी वाजवायची आणि पुढे जायचं.

तिने एक टाळी वाजवली. मग, "दु-स-री-च्या. दुसरीच्या. वर... वर्गास भेट दि-ली. दिली."

साहेबांचं पेन थांबलं.

"मु-लां-ना. मुलांना. वा-च-ता. ये-त. ना-ही." ती थांबली. परत मागे गेली आणि सगळं एकत्र वाचलं, "मुलांना वाचता येत नाही."

मुख्याध्यापिका बाईंनी हातातला रुमाल तोंडावर धरला. सोनिका मात्र पुढच्या ओळीवर गेली होती. "वर्गात पत्ते," टाळी. "तीन दि-व-सां-त," टाळी, "द्या-वा. द्यावा." मग ती सरळ झाली आणि साहेबांना म्हणाली, "सर, हे आमच्या वर्गाचं आहे का?"

"हो," साहेब म्हणाले.

"मंग हे चूक आहे." तिने बोट मधल्या ओळीवर ठेवलं. "हे." आणि फ्रॉकच्या खिशातून आपलं अर्धं झिजलेलं खोडरबर काढून तिने वहीवर ठेवलं.

अश्विन दारातून आत आला होता. तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "सर, हे तं तिनं पाठ केलं नसन ना?" आणि मग माझ्या उत्तराची वाट न पाहता स्वतःलाच म्हणाला, "कधी करीन ती? आत्ता तं लिहिलं ना साहेबानं. शाई बी ओली आहे." त्याने हातातला अर्ज पाहिला. मग त्याची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली, आणि तो शर्टाच्या आत सरकवला. माझे डोळे भरून आले होते आणि या वेळी मिरचीचा त्यात काही संबंध नव्हता.

साहेबांनी ते खोडरबर उचलून तिला परत दिलं. मग म्हणाले, "शेरेबहीत खोडता येत नाही बेटा. नियम आहे."

"मंग?"

"मंग खाली लिहू शकतो." त्यांनी वही जरा तिच्याकडे सरकवली, जुना शेरा होता तसाच ठेवला आणि त्याच्याखाली नवी ओळ सुरू केली. अक्षर आधीपेक्षा मोठं काढलं होतं, पाटीवर काढावं तसं. 'वरील शेरा वर्गातील मुलीने स्वतः वाचून दाखवला', एवढंच ते लिहीत होते. त्या वाक्याला त्यांना फार वेळ लागला, कारण ते प्रत्येक शब्दापाशी थांबत होते. त्यांचं पेन पुढे सरकलं की सोनिकाचं बोट तिथे पोहोचायचं, आणि तिचं वाचून झाल्याशिवाय साहेब पुढचा शब्द लिहीत नव्हते.